जमिनीखाली आठशे सत्तर फूट

आधी काय झालं ते ऐका, मग तुम्हीच ठरवा मी चिडले ते बरोबर की चूक. एका पोरीनं विमान जमिनीखालून उडवलं नाही, म्हणून तिची फाइल लाल झाली. चेष्टा करत नाही हो. आमच्याच ऑफिसात झालं, भर दुपारी, सगळे शुद्धीवर असताना.

मी सुलेखा. गंगापूरच्या वाटेवर, शहर संपल्यावर थोडं आत, आमचं फ्लाइंग स्कूल आहे. एक धावपट्टी, एक पत्र्याचं शेड, चार छोटी विमानं आणि एक ऑफिस. त्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं बसते. कुणाचे किती तास उडून झाले, कुणाचे पेपर निघाले, कुणाची परीक्षा कधी, सगळ्या फायली माझ्या हातून जातात. विमानात मी आयुष्यात एकदाच बसले, आणि पोटात ढवळायला लागलं म्हणून दहा मिनिटांत मला खाली आणलं. पण कागद मला कळतो. कागदाच्या बाबतीत कुणी मला शिकवायचं नाही, अशी माझी घमेंड होती.

संस्कृती ही आमची विद्यार्थिनी. कन्नड गावची, वडील तिथं एसटीच्या डेपोत मेकॅनिक. पोरगी पाच वर्षं या पट्टीवर झिजते आहे. मधे विमानं बंद पडली, मधे शिकवणारे सोडून गेले, मधे शाळाच विकली गेली. लेखी पेपर तिनं पहिल्या झटक्यात काढले होते, पण त्या पेपरांना मुदत असते, आणि ती मुदत या महिन्याच्या एकतीस तारखेला संपत होती. उडायची शेवटची परीक्षा घ्यायला परीक्षक शुक्रवारी येणार होते. शुक्रवार हुकला की पेपर रद्द, सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि घरी आईनं सांगूनच टाकलं होतं, बास झालं आता, स्थळं बघू. तर असा तो शुक्रवार होता.

मंगळवारी मी कॉम्प्युटर उघडला, तर संस्कृतीच्या नावापुढं लाल पट्टी. शेरा होता, "सर्किटच्या उंचीचा भंग, एकोणीसशे फूट जास्त."

हे सर्किट म्हणजे काय, ते सांगते. विमान उतरायच्या आधी धावपट्टीभोवती एक चक्कर मारतं. ती चक्कर सगळ्यांनी एकाच ठरलेल्या उंचीवरून मारायची असते, नाहीतर एक वर, एक खाली, आणि मधे टक्कर. आता प्रत्येक विमानात टॅबलेट असतो, त्यात ॲप. ते ॲप पायलटला नकाशा दाखवतं, वारा सांगतं, आणि प्रत्येक पट्टीच्या सर्किटची उंचीही सांगतं. तीन वर्षांमागं आमची शाळा एका मोठ्या कंपनीनं घेतली. तेव्हापासून परीक्षेआधीची शाळेतली शेवटची चाचणी, म्हणजे चेक, झाला की पोरगं कुठं किती उंच उडालं, ते सगळं हेड ऑफिसच्या कॉम्प्युटरला जातं. तो कॉम्प्युटर ॲपमधल्या उंचीशी जुळवून बघतो. जुळलं तर हिरवं, नाही जुळलं तर लाल. फाइल लाल असली की परीक्षेच्या यादीत नाव जात नाही.

मी घाबरले नाही. लालवर औषध माझ्याकडं होतं. चार ओळींचा नमुना मी करूनच ठेवला होता. "मी खाली सही करणार लिहून देतो की, चेकच्या वेळी सर्किटची ठरलेली उंची माझ्याकडून पाळली गेली नाही. माझी चूक मला मान्य आहे. त्याबद्दल मी माफी मागतो. पुन्हा असं होणार नाही." नाव भरायचं, सही घ्यायची, स्कॅन करून पाठवायचं. दोन तासांत पट्टी हिरवी. आपल्याकडं कुठल्या ऑफिसात हे चालत नाही, सांगा? खुलासा मागितला की माफीनामा द्यायचा न् मोकळं व्हायचं. तीन वर्षांत चेकपर्यंत पोचलेल्या सातही पोरांना मी असंच मोकळं केलं होतं, आणि मला वाटायचं, मी लई उपकार करते.

संस्कृतीला बोलावलं. कागद पुढं सरकवला, "मागतो"चं "मागते" करून.

"सही कर. संध्याकाळपर्यंत हिरवं होतं."

तिनं उभ्याउभ्या वाचलं. "ताई, मी चुकलेच नाही तर माफी कशाची मागू?"

"अगं बाई, सही कर न् सूट इथून. कोण वाचतंय ते?"

"मी वाचतेय ना आत्ता."

आता हिला काय म्हणावं! तीन दिवसांवर परीक्षा आणि ही शहाणपणा शिकवतेय. मी चढ्या आवाजात म्हणाले, "हे बघ, डोकं नको लावू. कॉम्प्युटरशी भांडून कुणी पायलट झालेलं नाही." विमानातला टॅबलेट तिच्या हातातच होता, तिनं तो माझ्यापुढं ठेवला.

"यात आपल्या सर्किटची उंची किती लिहिलीय, वाचा."

"हजार फूट."

"कशापासून हजार?"

"जमिनीपासून, दुसरं कशापासून? कॅप्टन साहेब रोज बोंबलतात की रेडिओवर, हजारवर राहा, हजारवर राहा."

"साहेब जमिनीपासून म्हणतात. ॲप समुद्रापासून मोजतं. वर लिहिलंय बघा, सगळ्या उंच्या समुद्रसपाटीपासून. आता सांगा, आपली पट्टी समुद्रापासून किती उंच आहे?"

ते तर शेडवर हातभर अक्षरांत रंगवलंय. अठराशे सत्तर. एकोणीस वर्षं त्या आकड्याखालून मी डबा घेऊन जाते.

"म्हणजे जमिनीपासून हजार हवं, तर समुद्रापासून किती?"

"अठ्ठावीसशे सत्तर."

"मी एकोणतीसशेवर होते. तीस फूट इकडंतिकडं चालतात. सगळेच एकोणतीसशेवर उडतात. आणि ॲप म्हणतंय, हजारवर उडा."

मी बोटांवर वजाबाकी केली. मग कॅल्क्युलेटर काढला. अठराशे सत्तरातून हजार गेले. ॲपच्या म्हणण्याप्रमाणं विमानानं आमच्या धावपट्टीच्या खाली, मातीत, आठशे सत्तर फुटांवर चक्कर मारायला हवी होती. अरे काय डोकं ठिकाणावर आहे का? आमच्याकडं बोअर आठशे फुटांवर गेलं की गाडीवाला हात जोडतो, "बाई, दगड लागलाय, बंद करा." आणि यांना तिथं विमान न्यायचंय! पोरगी तिथं गेली नाही म्हणून तिची फाइल लाल!

मी तेव्हाच जुन्या सात फायली उघडल्या. सातही ठिकाणी तोच शेरा, सगळीकडं एकोणीसशे फूट, कुठं दहा कमी, कुठं वीस जास्त. सात पोरं, सात वेगवेगळे दिवस, आणि चूक मात्र एकच. मी कधी विचारलं नाही की बाबांनो, सगळेच कसे एकसारखे चुकता? उलट सातवं झालं तेव्हा हेड ऑफिसनं "उंचीची शिस्त" नावाचा एक दिवसाचा वर्ग ठेवला होता. एक साहेब आले, पडद्यावर चित्रं दाखवली, दुपारी नान खलिया खाल्ला, दोनदा वाढून घेतला, भिंतीला एक पोस्टर चिकटवून गेले. पोस्टर अजून आहे. त्यात एक पायलट हसतोय.

त्याच दुपारी मी ॲपवाल्यांना मेल टाकला. त्यांचं उत्तर बुधवारी सकाळी आलं, दोन ओळींचं. हा आकडा तुमच्या शाळेच्या मुख्य प्रशिक्षकांनी दिलेला आहे, बदलायचा असेल तर त्यांनीच कळवावं.

मुख्य प्रशिक्षक म्हणजे आमचे कॅप्टन बद्रीनाथ. चाळीस वर्षं उडालेला माणूस, वाऱ्याचा नुसता वास घेऊन सांगायचे आज कुठल्या बाजूनं उतरायचं. मला त्यांच्याबद्दल आदर होता, खोटं कशाला बोलू. मी मेल छापून त्यांच्या केबिनमध्ये घेऊन गेले.

"साहेब, हा आकडा तुम्ही दिलाय?"

त्यांनी चष्मा लावला. "हजारच तर असतं सर्किट. आयुष्यभर हजारवर उडतोय मी."

"जमिनीपासून, साहेब. शाळा विकली तेव्हा जो फॉर्म आला होता, त्यात समुद्रापासून मागितलं होतं."

त्यांना कळलं. लगेच कळलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडंच बघत होते, कानापर्यंत रक्त चढलं त्यांच्या. मला वाटलं, आता कपाळावर हात मारतील न् म्हणतील, सुलेखा, गाढवपणा झाला, उघड तो कॉम्प्युटर. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "हा सॉफ्टवेअरचा विषय आहे. आपला नाही."

"एक मेल टाका ना साहेब. एका ओळीचा. पोरीची शुक्रवारी परीक्षा आहे."

"मेल टाकला की विचारतील, तीन वर्षं काय करत होता? मला अकरा महिने राहिलेत, सुलेखा. शेवटाला हे नको. तिला म्हणावं सही कर. सात जणांनी केली, काय बिघडलं त्यांचं?"

मला असा संताप आला! चाळीस वर्षं आभाळात काढलेला माणूस, आणि एका ओळीला भ्यायला! पण त्यांचं शेवटचं वाक्य माझ्या मनात अडकून बसलं. काय बिघडलं त्यांचं? खरंच, काय बिघडलं? टेबलावर येऊन मी सार्थकला फोन लावला. सार्थक गंगापूरचा, त्या सातातला पहिला. शांत पोरगं, हात असा हलका की विमान टेकलं ते कळायचं नाही. लायसन्स मिळून दोन वर्षं झाली होती. मला वाटलं, एखाद्या मोठ्या विमानात बसला असेल. त्याच्याकडून दोन ओळी लिहून घेऊ, मीही बरोबरच उडालो होतो म्हणून, तेवढाच पोरीला आधार.

"जय भीम, मॅडम!" पोरगं मराठ्याचं, पण मला पहिल्या दिवसापासून जय भीमच घालायचं. मागं कसली तरी घरघर ऐकू येत होती.

"कुठल्या विमानतळावर आहेस रे?"

तो हसला. "उसात आहे मॅडम. चुलत्यानं ड्रोन घेतलाय फवारणीचा, तो चालवतो."

"आणि एअरलाइन?"

"झालं नाही ते."

"का नाही झालं? तुझं तर सिलेक्शन झालं होतं. पेढे आणले होतेस तू."

घरघर थांबली. त्यानं ड्रोन खाली उतरवला असावा. "शेवटच्या दिवशी त्यांनी ट्रेनिंगची फाइल मागवली, मॅडम. त्यात ते पत्र निघालं. साहेब म्हणाले, उंची पाळता येत नाही हे तू स्वतःच लिहून दिलंय, आता तुझ्यामागं दीडशे माणसं कशी बसवू? पुढं दोन ठिकाणी तसंच झालं. मग सोडून दिलं."

"अरे, मला सांगायचं नाही का?"

"काय सांगणार? सही माझीच होती ना. तेव्हा मी म्हणालो होतो तुम्हाला, मॅडम, मी बरोबर उडालोय. तुम्ही म्हणालात, डोकं नको लावू."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी उलटून काहीतरी बोलले असते.

फोन ठेवला न् बाथरूममध्ये जाऊन रडले. नंतर स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. माझा बाप, सांडू, दुसऱ्याच्या शेतात राबला, पण पोरीला शिकवलं. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलंय, एवढंच त्याला कळत होतं, आणि तेवढं पुरे होतं. मी बी.कॉम. झाले, टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या. आणि त्या शिक्षणाचं मी काय केलं? बरोबर असलेल्या पोरांकडून चुकीची कबुली लिहून घेतली. वर हसतहसत, पेढे खात. कॅप्टन साहेबांना नावं ठेवते मी, पण त्यांनी निदान एकच आकडा चुकवला होता.

गुरुवारी सकाळी अकराला हेड ऑफिसशी व्हिडिओ कॉल ठरला. तोही सहज नाही, बुधवारी मी चौदा फोन केले तेव्हा. पडद्यावर सेफ्टीचे साहेब होते, सुदर्शन नावाचे, वय असेल पस्तीस, बोलणं गोड. इकडं मी, संस्कृती आणि कॅप्टन बद्रीनाथ. कॅप्टनना यावंच लागलं, मुख्य प्रशिक्षक होते ना.

संस्कृतीनं शांतपणे सगळं सांगितलं. जमिनीपासून किती, समुद्रापासून किती. सुदर्शन साहेबांनी मान हलवत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचा मुद्दा कळला. पण आमच्या ट्रेंडमध्ये तुमच्या बेसची मुलं उंचीच्या शिस्तीत कच्ची दिसतात. तुमच्या आधी सात जणांचं हेच झालंय, आणि सातही जणांनी चूक लेखी मान्य केलीय. सात म्हणतात आम्ही चुकलो, तुम्ही एकट्या म्हणता आकडा चुकला. तुम्हीच सांगा, मी सातांचं ऐकू की एकीचं?"

घ्या! माझी सात पत्रं साक्षीला उभी राहिली. मी पोरांना मोकळं करायला लिहिली, आणि तीच गोळा होऊन तो खोटा आकडा खरा ठरवायला निघाली.

"साहेब," मी मधेच म्हणाले, "ते सात जण नाहीत. ती मी एकटी आहे."

"म्हणजे?"

"सातही पत्रं मी लिहिली. शब्द माझे, टायपिंग माझं. पोरांनी फक्त सही केली, ती पण मी दटावलं म्हणून. काढा बघू सातही बाहेर. 'ठरलेली'मधला 'ठ' सगळीकडं अर्धवट उमटलाय. सगळ्या माझ्या त्याच नमुन्याच्या झेरॉक्स आहेत."

त्यांनी काढली. मग त्यांचा आवाज बदलला, गोडवा गेला. "मॅडम, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय का? खोटी कागदपत्रं केली, असं तुम्ही कबूल करताय."

"व्हय," मी म्हणाले. "करतेय."

"त्याचं वेगळं बघू. पण त्यानं आकडा चुकीचा आहे हे सिद्ध होत नाही. कॅप्टन, तुम्ही मुख्य प्रशिक्षक आहात. तुम्ही सांगा, हा आकडा बरोबर आहे की नाही?"

एवढा सोपा प्रश्न. पहिल्या वर्षाच्या पोरानं उत्तर दिलं असतं. कॅप्टन टेबलाकडं बघत म्हणाले, "रेकॉर्ड बघावं लागेल."

रेकॉर्ड! खिडकीतून शेड दिसत होतं, शेडवरचे आकडे दिसत होते, आणि ह्यांना रेकॉर्ड बघायचं होतं. माझ्या तोंडी शिवी आली होती, तेवढ्यात संस्कृती उठली. टॅबलेट उचलला न् दारातून बाहेर.

"ताई, साहेबांना घेऊन या," ती म्हणाली.

मी लॅपटॉप तसाच उघडा उचलला, मोबाइलचं नेट जोडलं न् तिच्यामागं निघाले. ऊन असं की डांबर मऊ लागत होतं. ती धावपट्टीच्या बरोबर मधोमध जाऊन थांबली, उकिडवी बसली, टॅबलेट जमिनीवर ठेवला. मी लॅपटॉपचा कॅमेरा त्यावर धरला. माझी सावली पडली म्हणून आकडे अगदी स्पष्ट दिसत होते.

"साहेब, दिसतंय का?" संस्कृती म्हणाली. "हे तुमचंच ॲप. आत्ताची उंची दाखवतंय, अठराशे बहात्तर. चारही विमानं तिकडं शेडमध्ये उभी आहेत. मी जमिनीवर बसलेय, चप्पल घालून. आणि तुमच्या आकड्याप्रमाणं मी आत्ता आठशे बहात्तर फूट जास्त उंचीवर उडतेय. लिहून देऊ माफी?"

लॅपटॉपमधून काहीच आवाज येईना. मला वाटलं नेट गेलं. मग सुदर्शन साहेब म्हणाले, "ओह." नंतर पुन्हा एकदा, हळू, "ओह."

मला हसू आलं आणि रडूही. ही गोष्ट तीन वर्षांत कुणालाही करता आली असती. फक्त बाहेर येऊन खाली बसायचं होतं.

"मी होल्ड काढतो," साहेब म्हणाले. "यादीत नाव जाईल. फक्त एक आहे, सिस्टिममध्ये ही केस बंद करायला तरी एक पत्र लागेल. फॉर्मॅलिटी म्हणून. विद्यार्थिनीकडून."

"विद्यार्थिनी काही देणार नाही," मी म्हणाले. "पत्र मी देते."

आत येऊन बसले न् लिहिलं. यावेळी नमुना नाही. मी, सुलेखा सांडू, लिहून देते की सात विद्यार्थ्यांचे माफीनामे मी तयार केले. ते खोटे आहेत. सातही मुलं योग्य उंचीवर उडाली होती. त्यांच्या फायलींतून ते शेरे काढावेत आणि तसं लेखी कळवावं. सातांची नावं लिहिली, पूर्ण, गावासकट. खाली सही केली.

मग आकड्याची एक ओळ मी कॅप्टन साहेबांच्या कॉम्प्युटरवर टाइप केली. पट्टीच्या सर्किटची उंची समुद्रसपाटीपासून अठ्ठावीसशे सत्तर फूट अशी दुरुस्त करावी, आधीचा आकडा माझ्याकडून चुकीचा दिला गेला. माउस त्यांच्यापुढं सरकवला.

"दाबा साहेब."

"तू माझी नोकरी घालवणार, सुलेखा."

"माझी आधीच गेलीय. दाबा. नाहीतर मी इथून हलत नाही, आणि बोंबलायला मला रेडिओ लागत नाही, हे तुम्हाला माहितीय."

त्यांनी दाबलं. दाबल्यावर खुर्चीत मागं टेकून डोळे मिटून बसले. मला दया आली नाही, अजूनही येत नाही.

शुक्रवारी संस्कृती उडाली. परीक्षक खाली उतरून म्हणाले, पोरीचा हात चांगला आहे. तिनं शेडमागं जाऊन वडिलांना फोन केला, आणि वडील फोनवरच एवढ्या मोठ्यानं ओरडले की मला ऑफिसात ऐकू आलं. सोमवारी मला नोटीस मिळाली. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. ती मिळायलाच हवी होती. पुढच्या आठवड्यात सातही जणांच्या फायली साफ झाल्याची पत्रं निघाली. सार्थकचं पत्र पोस्टानं पोचायची मी वाट बघितली नाही. संस्कृतीनं एक प्रत आणून दिली, तीही वरून परवानगी घेऊन.

फोन करून सार्थकला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं मॅडम. पुढची भरती कधी निघते बघू." मग म्हणाला, "तुम्हाला जमलं तर ते आईला सांगाल का? मी सांगून उपयोग नाही. तिला अजून वाटतं, माझ्याच हातून चूक झाली."

दुसऱ्याच दिवशी एसटीनं गंगापूरला गेले, तिथून पुढं जीपनं. घर सापडायला वेळ लागला नाही. सार्थकची आई, आवडाबाई, ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. विमानाच्या शाळेतून आले म्हटल्यावर हातातलं सूप बाजूला ठेवलं, पाणी आणलं. मी पत्र दिलं. त्यांनी उलटसुलट करून बघितलं न् परत दिलं.

"मला वाचाया येत नाय बाई. तोंडानं सांगा."

मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. आकडा कुणी चुकवला, माफी कुणी लिहिली, सही कशी घेतली.

"म्हंजी माझं लेकरू चुकलं नव्हतं?"

"नाय ताई. बरोबर होता तो. चूक माझी आहे. माफ करा मला."

आवडाबाईंनी माझ्याकडं बघितलं. शिव्या देतील असं वाटलं, आणि द्याव्यात असंही वाटलं.

"दोन वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "कुणी इचारलं की म्याच सांगायचे, साधी उंची सांभाळता आली नाय त्याला. पावण्यारावळ्यात सांगायचे. ताटावर बसला की सांगायचे. लेकरानं मान खाली घालून ऐकलं, एकदाबी उलटून बोललं नाय. तुमी कागदावर एकदाच लिवलं बाई. म्या रोज बोलले."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं न् रस्त्याकडं बघितलं. दुपार व्हायला आली होती.

"आता येतोच तो जेवाया," त्या म्हणाल्या. "तुमी जाऊ नका. आधी तुमी बोला, मंग म्या बोलते. मला तर त्याला काय म्हणावं, त्येच कळंना."